कॉन्फेडरेट फौजेतला साधा शिपाई: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अटलांटाच्या बाजूला राहायला आल्यापासून आमच्याकडे पाहुणे आले की एक दिवस केनेसॉ माउंटनला जायचं हे ठरलेलंच असतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) इथे लढाई झाली होती. डोंगर छोटासाच, १,८०८ फूट, वर तोफा मांडून ठेवल्यात, झाडीत खंदकांचे उंचवटे अजून दिसतात. वर चढेपर्यंत प्रत्येक पाहुणा तेच तेच प्रश्न विचारतो आणि माझं दम लागलेल्या अवस्थेत अर्धवट उत्तर देऊन होतं, म्हणून एकदाचं सगळं इथे नीट लिहून टाकतोय. ली, जॅक्सन वगैरे जनरल लोकांबद्दल जागोजागी वाचायला मिळतं, त्यामुळे त्यांना इथे फार जागा नाही. हे सगळं पायी चालणाऱ्या, खांद्यावर बंदूक घेतलेल्या माणसाबद्दल आहे.

कॉन्फेडरेट म्हणजे नक्की कोण?

१८६० च्या नोव्हेंबरात लिंकन निवडून आला आणि डिसेंबरात साउथ कॅरोलिना अमेरिकेतून फुटून निघालं, मग एकेक करत दक्षिणेकडची एकूण ११ राज्यं फुटली आणि त्यांनी स्वतःचा वेगळा देश जाहीर केला, त्याचं नाव कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका. राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस, राजधानी आधी माँटगोमेरी आणि मग रिचमंड. १२ एप्रिल १८६१ ला त्यांनी साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट समटर या अमेरिकी सरकारच्या किल्ल्यावर तोफा डागल्या तिथून युद्ध सुरू आणि १८६५ च्या वसंतात खेळ खलास. उत्तरेकडचे म्हणजे युनियन. युनियनचे शिपाई यांना 'जॉनी रेब' म्हणायचे, रेब म्हणजे रिबेल, बंडखोर.

पण ते गुलामगिरीसाठी लढत होते की राज्यांच्या हक्कांसाठी? यूट्यूबवर दोन्ही सांगतात.

हा प्रश्न पार्किंगमध्येच येतो, डोंगर चढायच्याही आधी. सरळ उत्तर: देश गुलामगिरी टिकवायला काढला होता. हे माझं मत नाही, त्यांनीच लिहून ठेवलंय. मिसिसिपीने फुटताना जो जाहीरनामा काढला त्यात सुरुवातीलाच सांगून टाकलंय की आमचं सगळं गुलामगिरीशी बांधलेलं आहे. त्यांचा उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स याने २१ मार्च १८६१ ला सव्हाना इथे भाषण केलं, हा जॉर्जियाचाच माणूस, आणि त्यात तो सांगतो की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही याच पायावर आमचं सरकार उभं आहे. 'राज्यांचे हक्क' हे ठीक आहे पण कसला हक्क असं पुढे विचारलं की उत्तर परत तिथेच येतं.

आता साधा शिपाई रोज सकाळी उठून "चला गुलामगिरीसाठी लढू" असं म्हणत होता का, तर नाही. घरी पाठवलेल्या पत्रांत तो गाव, घर, इज्जत, शेजारच्या पोरांसमोर नाक कापलं जायला नको, आमच्या जमिनीवर हे परके लोक का आलेत, असलं सगळं लिहितो. पण त्याचबरोबर गुलाम सुटले तर आमचं काय होईल ही भीतीसुद्धा त्याच पत्रांत असते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, एक सांगून दुसरी लपवली की गडबड होते, आणि इकडे ती गडबड शे-दीडशे वर्षं चालू आहे.

सगळ्यांकडे गुलाम होते का?

नाही. १८६० च्या जनगणनेप्रमाणे त्या ११ राज्यांत साधारण ३० टक्के गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते. मिसिसिपी, साउथ कॅरोलिनात जवळजवळ निम्म्या कुटुंबांकडे, डोंगराळ भागात खूपच कमी. एकूण वस्ती ९० लाख, त्यातले ३५ लाख गुलाम, म्हणजे दर पाच माणसांतली दोन कोणाच्या तरी मालकीची. बहुतेक शिपाई स्वतः नांगर धरणारे छोटे शेतकरी. पण ज्याच्याकडे गुलाम नाही त्याचा काका मालक असायचा, किंवा तो दुसऱ्याचे गुलाम सुगीपुरते भाड्याने आणायचा, आणि काहीही झालं तरी आपण तळाला नाही, आपल्याखाली कोणीतरी आहे, ही गोष्ट त्याला फुकटात मिळालेली होती. आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एखाद्या खऱ्या शिपायाचं उदाहरण द्या ना

सॅम वॉटकिन्स. टेनेसीमधल्या कोलंबिया गावाजवळचा, मॉरी काउंटीचा, जन्म १८३९. १८६१ च्या वसंतात एकविशीतला हा पोरगा गावच्या 'मॉरी ग्रेज' नावाच्या कंपनीत भरती झाला, तीच पुढे फर्स्ट टेनेसी रेजिमेंटची एच कंपनी. चार वर्षं तो साधा शिपाईच राहिला, फार तर कॉर्पोरल. व्हर्जिनियाच्या डोंगरात कुडकुडला, मग शायलो, पेरीव्हिल, मर्फ्रीसबरो, चिकामॉगा, मिशनरी रिज, केनेसॉ, अटलांटा, फ्रँकलिन, नॅशव्हिल, म्हणजे पश्चिम आघाडीवरची जवळपास प्रत्येक मोठी मारामारी त्याने पाहिली. वीस वर्षांनी त्याने गावच्या पेपरात आपल्या आठवणी हप्त्याहप्त्याने लिहिल्या, आणि पट्ठ्या मजेशीर लिहितो, जनरल लोकांना सोडत नाही. त्याच्या हिशोबाने कंपनीत सुरुवातीला १२० जण होते आणि शरण जाताना उरले ७. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, म्हातारपणीची आठवण आहे, पण अंदाज येतो.

कंपनी, रेजिमेंट हे काय प्रकरण?

कागदावर १०० माणसांची कंपनी आणि १० कंपन्यांची रेजिमेंट, तीन-चार-पाच रेजिमेंट मिळून ब्रिगेड. कंपनी एकाच गावातली किंवा तालुक्यातली, म्हणजे शेजारी उभा असलेला सख्खा भाऊ, चुलतभाऊ, मेव्हणा, शाळेतला मित्र. सुरुवातीला कॅप्टनसुद्धा शिपाईच मतं देऊन निवडायचे, ग्रामपंचायतीसारखं, आणि मग जो कडक तो पडायचा! याची दुसरी बाजू अशी की एका सकाळी एक कंपनी सापडली की एका गावातल्या वीस घरांत एकदम रडारड.

भरती आपखुशीने होती की जबरदस्ती?

पहिल्या वर्षी आपखुशीने, बँडबाजा, गावच्या बायकांनी शिवलेला झेंडा, सगळ्यांना वाटत होतं दोन-तीन महिन्यांत परत येऊ. बऱ्याच जणांनी एका वर्षाचाच करार केला होता. ते वर्ष संपत आलं आणि १६ एप्रिल १८६२ ला सक्तीच्या भरतीचा कायदा आला, १८ ते ३५ वयाच्या गोऱ्या पुरुषांना तीन वर्षं, आणि जे आधीच फौजेत होते त्यांचं एक वर्ष आपोआप तीन वर्षांचं झालं. घरी जायची स्वप्नं बघत बसलेल्या पोरांना हे कळलं तेव्हा काय वाटलं असेल बघा. पुढे वयाची मर्यादा ४५ केली आणि १८६४ मध्ये १७ ते ५०.

खरी आग मात्र ऑक्टोबर १८६२ मध्ये लागली. ज्या मळ्यावर २० किंवा जास्त गुलाम आहेत तिथल्या एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट, कारण काय तर गुलामांवर लक्ष कोण ठेवणार. शिवाय पैसे देऊन आपल्या जागी बदली माणूस पाठवायची सोय होतीच, ती १८६३ च्या शेवटी बंद केली. तेव्हापासून 'युद्ध श्रीमंतांचं आणि मरायचं गरिबांनी' हे वाक्य तिकडे म्हणीसारखं झालं. सॅमसुद्धा म्हणतो की या कायद्यानंतर त्याचं मन उडालं. तरी तो राहिला, का राहिला हे त्यालाही नीट सांगता येत नाही असं वाचताना वाटतं.

पगार किती होता?

महिना ११ डॉलर, जून १८६४ पासून १८. पण वेळेवर कधीच नाही, सहा-सहा महिने थकायचा. आणि कॉन्फेडरेट सरकार नोटा छापत सुटलेलं, त्यामुळे हातात पडेपर्यंत त्या पैशाचं काही यायचं नाही. रिचमंडमध्ये २ एप्रिल १८६३ ला बायकांनी पावासाठी दंगल केली, दुकानं फोडली, म्हणजे घरची अवस्था काय होती ते बघा. शिपाई उवांना 'ग्रेबॅक' म्हणायचे आणि आपल्या सरकारच्या नोटांनासुद्धा ग्रेबॅकच म्हणायचे, दोन्ही राखाडी आणि दोन्ही बिनकामाचे.

युनिफॉर्म राखाडी होता ना?

फोटोत राखाडी. प्रत्यक्षात बरेच कपडे घरी विणलेले आणि अक्रोडाच्या सालीत वगैरे रंगवलेले, तो रंग उडून पिवळट तपकिरी व्हायचा, त्याला बटरनट म्हणत, आणि त्यावरून शिपायांनाही बटरनट म्हणायला लागले. पाठीवरची जड सॅक पहिल्या महिन्यातच फेकून दिलेली, एक घोंगडी गुंडाळून खांद्यावरून तिरकी बांधायची, आपले वारकरी पडशी टाकतात तशी, आणि एक कापडी झोळी. बुटांची कायम बोंब. मेलेल्या युनियन शिपायाचे बूट काढून घेणं यात कोणालाच काही वाटत नव्हतं. हिवाळ्यात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायाचं रक्त बर्फावर दिसायचं असं अनेकांनी लिहिलंय, १८६४ च्या डिसेंबरात नॅशव्हिलहून पळताना तर नक्कीच.

खायला काय मिळायचं?

मका. मग परत मका. मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस हा मुख्य शिधा. आमच्या आईचा पहिला प्रश्न होता "म्हणजे मक्याची भाकरी?" हो, साधारण तसंच, पण तवा असेल तर. नसेल तर पीठ पाण्यात किंवा मांसाच्या चरबीत भिजवून त्याचा लांब गोळा करायचा आणि बंदुकीच्या गजाला सापासारखा गुंडाळून विस्तवावर भाजायचा. पीठ बऱ्याचदा कणसाच्या बुरकुंडासकट दळलेलं, त्यात चाळणी नाही, त्यामुळे पोटाचं वाटोळं. उरलेली भाकरी कुस्करून मांस आणि चरबीबरोबर शिजवलेला एक खिचडीसारखा प्रकार होता, त्याला कुश म्हणायचे, तो म्हणे त्यातल्या त्यात बरा लागायचा.

कॉफी हा तर दुखरा विषय. युनियनच्या आरमाराने बंदरं अडवून धरलेली त्यामुळे खरी कॉफी येईना, मग रताळी, राय नावाचं धान्य, चिकोरी, ओकची फळं, शेंगदाणे, जे सापडेल ते भाजून दळून उकळायचे आणि कॉफी म्हणून प्यायचे. शेंगदाण्याला तिकडे 'गूबर' म्हणायचे आणि जॉर्जियाच्या शिपायांना बाकीचे शेंगदाणेखाऊ म्हणून चिडवायचे. शेंगदाणे इथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर पसरले आणि गूबर हा शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतून आलाय, हे त्या चिडवणाऱ्यांच्या गावीही नसेल.

विचित्र गोष्ट अशी की दक्षिणेत अन्नच नव्हतं असं नाही. एकीकडे कोठारात पडलेलं असायचं, पण रेल्वे मोडकळीला आलेली, रुळांची रुंदी सगळीकडे सारखी नाही, डबे नाहीत, मग माल तिकडेच सडायचा आणि शिपाई इकडे मक्याचे दाणे मोजून खायचा.

बंदूक कुठली?

सुरुवातीला जे घरात असेल ते, शिकारीची, आजोबांची, काहींकडे तर चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणाऱ्या जुन्या बंदुका. नंतर मुख्यतः ब्रिटनमधून आणलेली एनफील्ड, १८५३ मॉडेल. थांबा, ही आपल्या ओळखीची आहे! १८५७ ला ज्या काडतुसांवरून आपल्याकडे शिपायांचं डोकं फिरलं ती याच बंदुकीची काडतुसं. कागदाची पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी सरकवायची, गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी धातूची छोटी टोपी बंदुकीवर बसवायची आणि मग चाप. सराव झालेला माणूस मिनिटाला तीन बार काढायचा. पुढचे दात नसतील तर भरतीच नाही, पुडी फाडणार कशाने? लढाई संपल्यावर सगळ्यांची तोंडं दारूने काळी ठिक्कर, आणि ती दारू खारट असते त्यामुळे तहान तर विचारूच नका.

बाकी हत्यारं युनियनच्या शिपायांकडून हिसकावलेली, किंवा रिचमंडच्या कारखान्यात, हार्पर्स फेरीच्या अमेरिकी सरकारी शस्त्र कारखान्यातून पळवून आणलेल्या मशिनींवर बनवलेली. घोडदळातल्या माणसाला घोडा स्वतःचाच आणावा लागे, सरकार दिवसाला ४० सेंट भाडं द्यायचं, आणि घोडा आजारी पडून मेला तर भाईसाब पायी.

लढाई नसेल तेव्हा काय करायचे?

कवायत, पहारा, लाकडं तोडणं, उवा मारणं, पत्ते, पत्र, परत कवायत. खरं सांगायचं तर चार वर्षांतले लढाईचे दिवस हातापायांच्या बोटांवर मोजता येतील, बाकी नुसता कंटाळा आणि चालणं. जुगार जोरात चालायचा, पण लढाईच्या आदल्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला पत्त्यांचा खच पडायचा कारण खिशात पत्ते असताना देवासमोर कोण जाणार. वाचले की दुसऱ्या दिवशी नवीन कॅट शोधायचा.

२२ मार्च १८६४ ला जॉर्जियातल्या डाल्टनच्या छावणीत बर्फ पडला आणि हजारो शिपायांनी ब्रिगेड विरुद्ध ब्रिगेड अशी बर्फाच्या गोळ्यांची लढाई केली, अधिकारी घोड्यावर बसून, झेंडे वगैरे घेऊन. त्याच हिवाळ्यात त्याच छावणीत प्रार्थनासभांची अशी लाट आली होती की लोक थंडीत नदीवर जाऊन बाप्तिस्मा घेत होते. पोरंच होती सगळी, विशी-पंचविशीतली.

सगळ्यात जास्त लोक कशाने मेले?

गोळीने नाही, जुलाबाने. कॉन्फेडरेट बाजूचे मृत्यू साधारण २ लाख ५८ हजार धरतात आणि त्यातले दोन तृतीयांशाच्या आसपास आजाराने, गोवर, टायफॉईड, हगवण, न्यूमोनिया. एकूण दोन्हीकडचा जुना आकडा ६ लाख २० हजार, नव्या हिशोबाने साडेसात लाखांपर्यंत जातो. गोवर वाचून आश्चर्य वाटतं, पण ही लांब लांब शेतावर वाढलेली मुलं, लहानपणी गोवर झालेलाच नाही, आणि अचानक हजार जण एका छावणीत, पाणी वरच्या अंगाला प्यायचं आणि खालच्या अंगाला संडास, किंवा उलटं. काही रेजिमेंट पहिली गोळी झाडायच्या आधीच निम्म्या झाल्या.

जखमींबद्दल एक गैरसमज काढून टाका, शुद्धीत ठेवून, तोंडात गोळी चावायला देऊन पाय कापायचे, हे बहुतेक वेळा खोटं आहे. क्लोरोफॉर्म दक्षिणेतही बऱ्यापैकी मिळत होतं. हात न धुता, तीच करवत पुढच्या माणसाला, हे मात्र खरं, जंतू हा प्रकार डॉक्टरांना अजून माहीतच नव्हता.

लढाईत नक्की कसं असायचं? केनेसॉला काय झालं?

२७ जून १८६४. युनियनच्या जनरल शर्मनची फौज अटलांटाकडे सरकतेय आणि मध्ये हे खंदक. चीटहॅम हिल नावाच्या टेकाडावर कॉन्फेडरेट रांगेला एक कोपरा आला होता, तिथे फर्स्ट टेनेसी, म्हणजे आपला सॅम. जॉर्जियातला जूनचा उकाडा तुम्हाला माहितीये, त्यात सकाळी तोफा आणि मग आठ-नऊच्या सुमाराला युनियनची रांगेमागून रांग वर चढत आली. त्या कोपऱ्याचं नावच पुढे 'डेड अँगल' पडलं. सॅम लिहितो की बंदूक इतकी तापली की नळीत दारू टाकतानाच पेटायची, आणि एका युनियन शिपायाने त्याच्यावर अगदी जवळून नेम धरला तेव्हा विल्यम ह्यूजेस नावाच्या त्याच्या सोबत्याने ती नळी हाताने पकडून स्वतःकडे वळवली आणि ती गोळी स्वतः खाल्ली. हा ह्यूजेस कोणी शूरवीर म्हणून नावाजलेला वगैरे नव्हता, साधा, तंबूतला दोस्त. मी प्रत्येक वेळी तिथे हे सांगतो आणि प्रत्येक वेळी सगळे गप्प होतात.

त्या दिवशी युनियनचे साधारण ३,००० माणसं मेली-जखमी झाली, कॉन्फेडरेटची हजाराच्या आतबाहेर. रांगेत थोडं पलीकडे सुकलेल्या गवताने पेट घेतला, मध्ये पडलेले युनियनचे जखमी जळायला लागले, तेव्हा आर्कान्साच्या रेजिमेंटचा विल्यम मार्टिन हा कॉन्फेडरेट कर्नल पांढरा रुमाल घेऊन वर उभा राहिला आणि ओरडला की या आणि तुमची माणसं घेऊन जा, आम्ही गोळी चालवत नाही. दक्षिणेकडची पोरंसुद्धा खंदकातून बाहेर येऊन उचलायला लागली. तेवढं झालं आणि परत लढाई सुरू.

शत्रूशी बोलायचे का कधी?

रोज. पहाऱ्यावरचे दोन्हीकडचे शिपाई नदीच्या अलीकडे-पलीकडे असायचे आणि अधिकारी नसला की धंदा चालू: यांच्याकडे तंबाखू भरपूर, त्यांच्याकडे कॉफी. व्हर्जिनियात रापाहॅनॉक नदीवर तर फळकुटाच्या छोट्या होड्या करून शीड लावून माल सोडायचे, येताना पेपरसुद्धा यायचा. हल्ला व्हायचा असला की "जॉनी, आत जा रे, आता गोळी चालवायची ऑर्डर आलीय" असं ओरडून सांगायची पद्धत होती.

पळून जायचे का?

हो, पुष्कळ. एक लाखाच्या वर कॉन्फेडरेट शिपाई पळाले असं धरतात आणि १८६५ उजाडेपर्यंत यादीतले निम्म्याहून जास्त हजरच नव्हते. सगळे भित्रे होते असं नाही हं, तीन वर्षं लढलेली माणसं पळाली. बायकोचं पत्र यायचं की पोरं उपाशी आहेत, घोडा सरकारी माणसाने नेला, पेरणी कोण करणार. पेरणीपुरता घरी जाऊन परत येणारेही होते. सापडला तर शिक्षा, कधी पिंपात घालून छावणीभर फिरवायचे, कधी डाग द्यायचे, आणि वाईटात वाईट म्हणजे स्वतःच्या खणलेल्या खड्ड्याशेजारी बसवून सगळ्या ब्रिगेडसमोर गोळ्या. सॅमच्या फौजेचा एके काळचा प्रमुख जनरल ब्रॅग या कामासाठी बदनाम होता, सॅमचा त्याच्यावरचा राग वीस वर्षांनीही गेला नव्हता.

काळे लोक कॉन्फेडरेट फौजेत लढले का? असं काही ठिकाणी वाचलं.

फौजेत हजारो काळे होते, पण गुलाम म्हणून. मालकाचा स्वयंपाक, कपडे, घोडे, खंदक खणणं, गाड्या हाकणं. केनेसॉचे जे उंचवटे आपण बघतो ते खणण्यातसुद्धा गुलामांचे हात आहेत, आणि पाटीवर लढणाऱ्यांचीच नावं. जानेवारी १८६४ मध्ये कॉन्फेडरेट जनरल पॅट्रिक क्लेबर्नने सुचवलं की गुलामांना स्वातंत्र्य देऊन लढायला घेऊ, तर ते पत्रच दाबून टाकलं. शेवटी १३ मार्च १८६५ ला कायदा केला, म्हणजे गाशा गुंडाळायच्या चार आठवडे आधी, रिचमंडमध्ये थोड्या लोकांची कवायत झाली आणि संपलं. युनियनकडून मात्र जवळजवळ १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. जुन्या फोटोत मालकाशेजारी युनिफॉर्ममध्ये उभा केलेला गुलाम दिसला म्हणून त्याला सैनिक म्हणू नका.

पकडले गेले तर?

सुरुवातीला अदलाबदल व्हायची, काही आठवड्यांत परत. १८६३ मध्ये ते मोडलं, मोठं कारण म्हणजे पकडलेल्या काळ्या युनियन सैनिकांना इतर कैद्यांसारखं वागवायला कॉन्फेडरेट सरकार तयार नव्हतं. मग दोन्हीकडे कैद्यांचे हाल. न्यूयॉर्कमधल्या एल्मायराला सुमारे १२,००० कॉन्फेडरेट कैदी होते त्यातले जवळपास ३,००० मेले, शिकागोच्या कॅम्प डग्लसला ४,००० च्या वर. आणि इकडे आमच्याच जॉर्जियात अँडरसनव्हिलला युनियनचे ४५,००० कैदी, मेले जवळजवळ १३,०००.

संपल्यावर हे लोक घरी कसे गेले?

चालत, बहुतेक. कॉन्फेडरेट जनरल लीने ९ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्सला शस्त्रं ठेवली, तेव्हा युनियनच्या जनरल ग्रँटने सांगितलं की ज्याचा स्वतःचा घोडा असेल त्याने तो नांगराला घेऊन जावा, आणि उपाशी माणसांना २५,००० जणांचा शिधा दिला. सॅमची फौज २६ एप्रिलला नॉर्थ कॅरोलिनात शरण गेली. हातात एक छापील कागद, पॅरोलचा, की मी परत हत्यार उचलणार नाही. बस. घरी पोचल्यावर काय, कुंपणं जळालेली, बैल नाहीत, नोटा चुलीत घालायच्या लायकीच्या. मिसिसिपी राज्याने १८६६ मध्ये आपल्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा लाकडी हातापायांवर खर्च केला, यावरून गावात किती लंगडे-थोटे फिरत असतील ते बघा. सॅमने लग्न केलं, शेती केली, १९०१ ला गेला.

एक टेनेसीचाच किस्सा राहून जातोय. फ्रँकलिन गावात ३० नोव्हेंबर १८६४ ला जी भयानक लढाई झाली ती कार्टर नावाच्या कुटुंबाच्या अंगणात झाली, घरचे तळघरात, आणि त्यांचा मुलगा टॉड कार्टर, कॉन्फेडरेट कॅप्टन, तीन वर्षांनी घराकडे येत होता तो हल्ल्याच्या रांगेत. घरापासून हाकेच्या अंतरावर पडला. रात्री घरच्यांनी कंदील घेऊन शोधून आणला, दोन दिवसांनी घरातच गेला. ते घर गोळ्यांच्या भोकांसकट अजून उभं आहे.

पेन्शन मिळायची का?

अमेरिकेच्या सरकारकडून त्या काळी फक्त युनियनवाल्यांना. कॉन्फेडरेट शिपायांना त्यांच्या त्यांच्या राज्यांनी दिली, टेनेसीने १८९१ पासून, तीही गरीब किंवा अपंग असल्याचं सिद्ध केलं तर. त्या अर्जांमुळेच आज साध्या माणसांची माहिती मिळते. नॉर्थ कॅरोलिनाचा एक जण तर आधी कॉन्फेडरेट, मग पळून युनियनकडून लढला, म्हातारपणी मुलगी झाली, आणि त्या मुलीला बापाच्या युनियन नोकरीचं पेन्शन महिना ७३ डॉलर १३ सेंट मिळत होतं, कधीपर्यंत तर २०२० मध्ये ती वारेपर्यंत.

आपला याच्याशी काही संबंध?

आहे की. दक्षिणेचा कापूस युनियनने अडवला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी, मग ब्रिटिशांनी खानदेश-वऱ्हाडाकडे तोंड वळवलं आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद, समुद्र भरून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर, सगळं शहर सट्ट्यात. १८६५ ला सॅमसारखी माणसं शरण गेली आणि इकडे कापसाचा भाव कोसळून शेकडो लोक रस्त्यावर आले. राजाबाई टॉवर प्रेमचंदशेठनेच दिलेल्या पैशातून झाला, आईच्या नावाने. आणि दुसरी गोष्ट म्हणजे १८७३ ला जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसलेल्या माणसाला हे युद्ध कशाबद्दल होतं ते लगेच कळलं होतं.

तो लाल झेंडा म्हणजे त्यांचा राष्ट्रध्वज का?

नाही, तो लढाईतला झेंडा, निळी फुली आणि तारे. देशाचे झेंडे वेगळे होते, चार वर्षांत एकूण तीन झाले. पुढे १९५०-६० च्या दशकात काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीला विरोध करायला हाच मुद्दाम बाहेर काढला, म्हणून तो ट्रकवर दिसला की इकडे लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात.

केनेसॉला यायचं तर काय बघू?

डोंगरावर फोटो काढा, पण चीटहॅम हिल चुकवू नका, ते थोडं लांब आहे, गाडीने जा. तिथे १९१४ मध्ये युनियनच्या इलिनॉयवाल्यांनी उभारलेलं पांढरं स्मारक आहे आणि पायथ्याशी अर्धवट खणलेल्या भुयाराचं तोंड, युनियनची माणसं परत न जाता तिथेच तीसेक यार्डांवर चिकटून राहिली होती आणि खालून सुरुंग लावायच्या विचारात होती, तोवर २ जुलैच्या रात्री कॉन्फेडरेट फौज मागे सरकली. मग मारिएटा गावात जा. हेन्री कोल नावाच्या माणसाने जमीन देऊ केली होती की दोन्हीकडचे मेलेले एकत्र पुरा, तर दोघांनाही पटलं नाही. म्हणून युनियनचे १०,००० एका टेकडीवर आणि कॉन्फेडरेटचे ३,००० च्या वर दुसऱ्या, चालत जाता येईल इतक्या जवळ. पाणी घरूनच घ्या, आणि जून-जुलैत येणार असाल तर सकाळी आठच्या आत चढा.